ई-रीडरला नेट नक्की किती लागतं? सिम, वाय-फाय, ब्लूटूथ आणि आपला मोबाइलचा हॉटस्पॉट

किंडल नाहीतर तसलाच दुसरा एखादा ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं मशीन, घ्यायचं डोक्यात आलं की आमच्या साताऱ्यात तरी पहिला प्रश्न ठरलेला, ह्यात सिम बसतं का? आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचे, आमच्या घरी वाय-फाय नाही मग चालंल का, गावाकडं रेंज नसते मग उपयोग काय, ब्लूटूथनं पुस्तक पाठवता येतं का. प्रश्न काही चुकीचे नाहीत, कारण ऑनलाइन बघायला जावं तर वाय-फाय ओन्ली, ४जी एलटीई, ड्युअल बँड असलं काय काय लिहिलेलं असतंय आणि ते वाचून माणूस मोबाइलचाच हिशोब लावतो, जास्त नेट तेवढी वस्तू भारी. ई-रीडरचं गणित त्या हिशोबात बसत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. वाचायला नेट लागतच नाही, नेट लागतं ते पुस्तक मशीनच्या आत यायला. एकदा फाइल उतरली की मग ठोसेघरला जा, बामणोलीला लाँचमधे बसा, मोबाइलच्या काड्या येवोत नाहीतर जावोत, पानं उलटत राहतात. डिक्शनरी उतरवून ठेवली असंल तर ती पण आतच असते, शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. नेट नसल्यावर अडतं ते विकिपीडियात काही बघायचं असंल तर, वाक्याचं भाषांतर करायचं असंल तर, नवीन पुस्तक घ्यायचं असंल तर, आणि मोबाइलवर जिथपर्यंत वाचलं तेच पान इकडं उघडायचं असंल तर. बास.

बरं जे नेट लागतं ते तरी किती? निव्वळ मजकुराची कादंबरी साधारण एक-दोन एमबीच्या आतबाहेर असते. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट, आणि नेट अगदी रडतखडत ५ एमबीपीएसनं जरी आलं तरी साडेतीन सेकंदाच्या आत पुस्तक हजर. घरात १०० एमबीपीएसचा फायबर असला तरी फरक पडणार तो दोन-तीन सेकंदांचा, त्यामुळं रीडरचं वाय-फाय फास्ट आहे का हा प्रश्नच सोडून द्या. अपवाद दोन, एक म्हणजे चित्रांची, कॉमिक्सची नाहीतर स्कॅन केलेली पुस्तकं, ती पन्नास-शंभर एमबीची सहज होतात, आणि दुसरं ऑडिओबुक. ६४ केबीपीएसचा आवाज धरला तर तासाला साधारण २९ एमबी पडतात, म्हणजे दहा तासांचं ऑडिओबुक तीनशे एमबीच्या आसपास. ते उतरवायचं तर घरचं वाय-फायच बरं.

आता सिमचं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण जुन्या मालाच्या बाजारात अजून ह्याच नावाखाली लोकांना गुंडाळलं जातंय.

ॲमेझॉननं पहिलं किंडल काढलं नोव्हेंबर २००७ मधे, अमेरिकेत, किंमत ३९९ डॉलर, आणि गंमत अशी की त्यात वाय-फाय नव्हतंच. नुसतं मोबाइलचं नेटवर्क, स्प्रिंट नावाच्या कंपनीचं, सीडीएमए जातीचं, आपल्याकडं टाटा आणि रिलायन्सचे सिम नसलेले फोन मिळायचे ना, त्यातलाच प्रकार. गिऱ्हाइकाला महिन्याचं बिल नाही, रिचार्ज नाही, डेटाचे पैसे ॲमेझॉन भरणार. ह्या सोयीला त्यांनी व्हिस्परनेट असं नाव दिलं. त्या काळात हे भन्नाटच होतं, बसमधे बसल्या बसल्या पुस्तक विकत घ्यायचं आणि मिनिटभरात ते हातात, कॉम्प्युटरचा संबंधच नाही. त्याच सुमाराला सोनीचे रीडर बाजारात होते, २००६ ला आलेला त्यांचा पीआरएस-५०० मॉडेल बघा, त्यात पुस्तक घालायला वायर लावूनच बसायला लागायचं.

हे फुकट नेट परवडायचं कसं, तर मगाशी सांगितलं तसं पुस्तक असतं एक-दोन एमबीचं, त्याला डेटा लागून लागून लागणार किती, आणि तो खर्च पुस्तकाच्या किमतीतच मुरवायचा. ही पद्धत अजून जिवंत आहे बरं का. आज तुम्ही स्वतःचं पुस्तक किंडलवर विकायला टाकलं आणि ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर फाइलच्या दर एमबीमागं डिलिव्हरीचे पैसे तुमच्या वाट्यातनं कापले जातात, भारतातल्या विक्रीला एमबीला ७ रुपये. वाचक वाय-फायवर पुस्तक उतरवो नाहीतर कशावर, कापायचे ते कापतातच. त्यामुळं प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी कासचे शंभर फोटो त्यात कोंबण्याआधी कॅल्क्युलेटर घ्यावा.

मग ऑक्टोबर २००९ मधे दुसऱ्या किंडलची बाहेरच्या देशांसाठीची आवृत्ती आली, ती जीएसएम आणि ३जीवर, म्हणजे अमेरिकेबाहेरही चालणारी. २०१० च्या तिसऱ्या किंडलला दोन प्रकार केले, नुसतं वाय-फाय १३९ डॉलरला आणि ३जी अधिक वाय-फाय १८९ डॉलरला. पन्नास डॉलर जास्त द्या आणि आयुष्यभर फुकट ३जी घ्या. आयुष्यभर म्हणजे नक्की कुणाच्या आयुष्यभर, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण माणूस राहिला, मशीन राहिलं आणि गेलं ते नेटवर्क. अमेरिकेत एटीअँडटीनं फेब्रुवारी २०२२ मधे ३जी बंद केलं. आपल्याकडं जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं ते थेट ४जीच घेऊन, आणि एअरटेलनं २०१९ पासून ३जी गुंडाळायला घेतलं. मधल्या काळात २०१८ चं पेपरव्हाइट आणि २०१९ चं ओॲसिस ह्या किंडलच्या मॉडेलांत ४जीवाला प्रकार होता पण २०२१ चं पेपरव्हाइट आलं ते वाय-फायचंच. घरोघरी राउटर आणि खिशाखिशात हॉटस्पॉट आल्यावर प्रत्येक मशीनमधे वेगळा मोबाइलचा मोडेम घालायचा आणि जगभरच्या कंपन्यांना डेटाचे पैसे मोजत बसायचं, कशाला? मला विचाराल तर त्यांनी बरोबरच केलं.

म्हणून जुन्या किंडलच्या जाहिरातीत "लाइफटाइम फ्री ३जी" असं दिसलं की त्याचे जादा पैसे द्यायचे नाहीत, त्या शब्दांची किंमत आज शून्य. त्यात आपलं जिओचं नाहीतर एअरटेलचं सिम घालायची सोय नसते, विचारू पण नका. आणि पहिली दोन किंडलं तर वाय-फायशिवायचीच होती, त्यामुळं नेटवर्क गेलं की त्यात पुस्तक घालायचं ते वायरनंच. दुसरा एक खड्डा असा की २०१२ पर्यंतच्या किंडलना एक अपडेट सक्तीचा होता, २२ मार्च २०१६ च्या आत घ्यायचा. कुणाच्या कपाटात पडून राहिलेलं मशीन असंल आणि तो अपडेट झाला नसंल तर ते वाय-फायला जोडलं जाईल पण ॲमेझॉनच्या सर्व्हरशी बोलणार नाही, अपडेटची फाइल वायरनं हातानं घालायला लागते. कारण साधं आहे, दोन मशीनमधलं बोलणं ज्या एन्क्रिप्शननं, म्हणजे गुप्त लिपीनं, कुलूपबंद केलेलं असतं ते दर काही वर्षांनी बदलतं, जुन्या मशीनला नवीन पद्धत येत नसते आणि सर्व्हर जुनी पद्धत मान्य करत नाही. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून कीबोर्डवालं किंडल आणि त्याच्या आगंमागंच्या काही मॉडेलमधनं थेट स्टोअर उघडून पुस्तक घेणंच बंद झालं. त्या वेळी कॉम्प्युटरवरनं घेऊन त्यात पाठवता येत होतं, पण घेणाऱ्याला हे आधी माहीत पाहिजे ना.

मग राहिलं वाय-फाय, आणि खरी भानगड इथंच असते. राउटर दोन प्रकारच्या लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. फरक कळायला गणपतीची मिरवणूक आठवा, राजपथावर डीजे लागलेला असतो तेव्हा शाहूपुरीत घरात बसून तुम्हाला नुसतं धबधब ऐकू येतं, गाणं कुठलं ते कळत नाही, कारण खालचा आवाज भिंती पार करून लांब जातो आणि वरचा, बारीक आवाज मधेच मरतो. २.४ म्हणजे ते धबधब, स्पीड कमी पण दोन भिंतींपलीकडं पोचणारं, आणि ५ म्हणजे स्पीड भरपूर पण राउटरच्या खोलीतच राहिलेलं बरं. बहुतेक जुने रीडर, अगदी २०१८ चं पेपरव्हाइट धरून, फक्त २.४ ओळखतात. २०२१ चं पेपरव्हाइट दोन्ही घेतं, ड्युअल बँड म्हणतात ते हेच. पण आपण बघितलंच की ई-रीडरला स्पीड नकोच असतो, त्यामुळं नुसत्या २.४ वर चालतंय म्हणून एखादं मॉडेल नाकारायचं काही कारण नाही.

घरात नवीन फायबर बसवला आणि त्या दिवसापासनं किंडलला वाय-फाय दिसंना, ही तक्रार मी लय जणांकडून ऐकतो. त्यात बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. जोडणी करणाऱ्या माणसानं राउटरवर फक्त ५ चालू ठेवलेलं असतं नाहीतर दोन्ही एकाच नावाखाली टाकलेलं असतं आणि रीडर गोंधळतो, तेव्हा २.४ ला वेगळं नाव द्यायला सांगायचं. किंवा पासवर्डची सिक्युरिटी नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असते, जुन्या रीडरला डब्ल्यूपीए२ पर्यंतच कळतं. आणि तिसरं कारण हळूच दडलेलं, चॅनलचं. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडं १३ चॅनल चालतात, अमेरिकेत वापरतात ते ११ पर्यंतच, आणि तिकडचा हिशोब धरून बनवलेल्या बऱ्याच मशीनना बारावं-तेरावं चॅनल दिसतच नाही. राउटर ऑटोवर असला आणि त्यानं तेरावं धरलं की घरातले सगळे मोबाइल मस्त चालतात आणि हे एकटंच येडं झाल्यासारखं बसतं. चॅनल १, ६ नाहीतर ११ वर कायमचं लावून टाकायचं, प्रश्न मिटला. राउटरमधे शिरता येत नसंल तर केबलवाल्याला फोन लावा, पण त्याला "किंडल चालत नाही" असं सांगू नका, तो म्हणणार आमचं नेट बरोबर आहे. "२.४ चं चॅनल ६ वर फिक्स करून दे" एवढंच सांगायचं.

आणि ज्यांच्याकडं वाय-फाय नाही त्यांनी तर निवांत राहावं, कारण मोबाइलचा हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच. अँड्रॉइडमधे हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे बँड निवडता येतो, तिथं २.४ करा आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा. आयफोन १२ आणि त्याच्या नंतरच्यांत पर्सनल हॉटस्पॉटमधे मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी नावाचं बटण आहे, ते चालू केलं की आयफोन पण २.४ वर येतो. हॉटस्पॉटचा पासवर्ड मात्र सोपा ठेवा म्हणजे छोट्या लिपीतली अक्षरं आणि आकडे. ई-इंकच्या, म्हणजे रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या, स्क्रीनवर कीबोर्ड म्हणजे सत्त्वपरीक्षा असते, अक्षर दाबलं की ते डोळे मिचकावतं, क्षणभरानं वर टिंब उमटतं, तोवर तुम्ही परत दाबलेलं असतं, मग दोन टिंबं, मग खोडायचं, मग कॅपिटलसाठी बाण, मग चिन्हांसाठी दुसरं पान, आणि शेवटी पासवर्ड चुकला. दाखवायच्या चौकोनावर टिक केली तर अक्षरं तरी दिसतात. एकदा जोडलं की ते लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी हॉटस्पॉट लावला की आपोआप येतं.

लॉजवरचं वाय-फाय, स्टेशनवरचं वाय-फाय ह्यांच्या नादाला शक्यतो लागू नका. तिथं जोडल्यावर एक पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, अटी मान्य करा. रीडरमधला ब्राउझर ते पान उघडायचा प्रयत्न करतो, कधी जमतं कधी नाही. महाबळेश्वरला गेला असाल आणि पुस्तक घ्यायचंच असंल तर आपला हॉटस्पॉट लावा, पाच मिनिटांत मोकळे व्हाल.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. नेट कुठलं ह्याच्यापेक्षा पुस्तक कुठकुठल्या वाटेनं आत येऊ शकतं ते बघून मशीन निवडायचं. एक वाट म्हणजे कंपनीचं दुकान. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर ती आली. पण आपल्याकडची अर्धी पुस्तकं माणसाकडं दुकानातनं येतच नाहीत, ती येतात व्हॉट्सॲपवर.

माझी आत्या वाईला असते, रिटायर झाल्यावर तिला लेकीनं किंडल घेऊन दिलं. मी गेलो की तिचं सुरू, "आरं, ग्रुपवर एवढी पुस्तकं येत्यात, ती ह्यात घालून दी की मला." म्हटलं, "आत्या, कशी घालायची ते दाखवतो, पण त्यातली निम्मी पुस्तकं बाजारात विकत मिळत्यात, लेखकाच्या पोटावर पाय देऊन वाचू नकोस." तर म्हणती कशी, "मग फुकटातलं सरळमार्गी काय हाय ते सांग." आहे ना, पुष्कळ आहे. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं फुकट देतं, लेखकांच्या परवानगीनं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच जुनी पुस्तकं पीडीएफमधे त्यांच्या साइटवर आहेत. आणि मराठी विश्वकोश तर तिच्याच गावात तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केला तो, आज सगळा ऑनलाइन वाचता येतो, फक्त तो मोबाइलवरच वाचा, किंडलच्या ब्राउझरमधे असली साइट उघडणं म्हणजे जिवाला घोर.

तर पीडीएफ आत घालायची पद्धत. मोबाइलवर किंडलचं ॲप टाका, त्याच अकाउंटनं लॉगिन करा, मग व्हॉट्सॲपमधली फाइल उघडून शेअर दाबा आणि किंडल निवडा. फाइल ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जाते आणि रीडर वाय-फायला जोडला की खाली उतरते. आत्याला हे एवढंच शिकवलं, बाकी तिला काही लागत नाही. दुसरी पद्धत ईमेलची. प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो, शेवटी ॲट किंडल डॉट कॉम असलेला, तो सेटिंगमधे दिसतो, त्या पत्त्यावर फाइल जोडून मेल करायचा. पण आधी ॲमेझॉनच्या साइटवर जाऊन तुमचा जीमेल मंजूर पत्त्यांच्या यादीत घालायला लागतो. मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस, त्यात प्रेफरन्सेस, त्यात पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज. ही पायरी विसरली की मेल जातो आणि पुस्तक येत नाही, आणि माणूस रात्रभर वाय-फायला शिव्या घालत बसतो. मेलनं ५० एमबीपर्यंत चालतं, सेंड टू किंडलच्या साइटवरनं चढवलं तर २०० एमबीपर्यंत. २०२२ पासून ईपब, म्हणजे ई-पुस्तकांचा सगळीकडं चालणारा प्रकार, ती फाइल पण अशी पाठवता येते, ती ॲमेझॉन स्वतःच बदलून घेतं.

पीडीएफ आत गेली म्हणजे वाचता येईल असं मात्र नाही. ए४ चं पान सहा इंचात बसवल्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात. मेलच्या विषयात इंग्रजीत कन्व्हर्ट हा शब्द लिहून पाठवलं की पीडीएफमधला मजकूर सुटा करून मोठ्या अक्षरात वाचता येईल असा करायचा प्रयत्न होतो, इंग्रजी पुस्तकाला बऱ्यापैकी जमतं, मराठीला निम्म्या वेळा फजिती. कारण जुनी मराठी पुस्तकं युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, नसतात, श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे टाइप केलेली असतात, तिथं दिसायला क असतो पण आत कॉम्प्युटरच्या दृष्टीनं कुठलं तरी इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह असतं. फॉन्ट सुटला की सगळं पान कचरा. आणि स्कॅन केलेलं असंल तर आत मजकूरच नाही, नुसते फोटो. असल्या पुस्तकांसाठी मोठ्या स्क्रीनचा रीडर लागतो, किंवा मशीन आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचायचं. वाय-फाय कितीही भारी घ्या, ह्यात त्याचा काडीचा उपयोग नाही.

किंडल सोडून बाकीच्यांत वाटा जरा जास्त उघड्या असतात. कोबो सरळ ईपब घेतो, काही मॉडेलना ड्रॉपबॉक्स नाहीतर गूगल ड्राइव्ह जोडता येतं. पॉकेटबुकला पण मेलनं पाठवायची सोय आहे. ऑनिक्स बुक्सचे रीडर म्हणजे आत अँड्रॉइडच, त्यात प्ले स्टोअर येतं, आणि बुक्सड्रॉप नावाची सोय आहे, रीडर आणि मोबाइल एकाच वाय-फायवर असले की मोबाइलच्या ब्राउझरमधे एक पत्ता टाकायचा आणि फाइल थेट ढकलायची. इथं बाहेरचं इंटरनेट लागतच नाही हे ध्यानात घ्या, हॉटस्पॉट चालू पण डेटा बंद असला तरी चालतंय, कारण दोन मशीन एकमेकांशी घरातल्या घरातच बोलत असतात. अशीच घरगुती व्यवस्था ई-पुस्तकं सांभाळायच्या कॅलिबर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं करता येते, कोविद गोयल ह्या आपल्या माणसानं २००६ मधे सोनीच्या त्याच वायरवाल्या रीडरसाठी ते लिहायला घेतलं होतं. कॉम्प्युटरवर कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर चालू केला की रीडरच्या ब्राउझरमधनं स्वतःच्या पुस्तकांची यादी उघडते, हवं ते उतरवून घ्यायचं. ज्यांच्याकडं हजारभर पुस्तकांचा ढीग आहे त्यांनी एक रविवार ह्याला द्यावाच.

ब्लूटूथचं थोडक्यात. ते ऐकायला असतं, पाठवायला नाही. २०१६ च्या साध्या किंडलपासून ब्लूटूथ आलं ते अंधांसाठी, स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज हेडफोनमधे यावा म्हणून, पुढं ऑडिओबुक पण त्यावर आली. मोबाइलवरनं ब्लूटूथनं किंडलला पुस्तक पाठवता येत नाही, कितीही पेअर करत बसा. आणि काही पेपरव्हाइटच्या नावापुढं वायरलेस चार्जिंग लिहिलेलं असतं त्याचा नेटशी संबंध नाही, नुसतं पॅडवर ठेवून बॅटरी भरायची सोय आहे ती, मी तरी त्याला जादा पैसे देणार नाही.

बॅटरीचं कोडं पण ह्याच वायरलेसपाशी येतं. ई-इंकच्या स्क्रीनला पान दाखवत राहायला वीज लागत नाही, लागते ती पान बदलताना आणि लाइटला. म्हणून तर कंपनी सहा आठवडे बॅटरी असं छापते, फक्त त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं, रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद, लाइटची पातळी १३ वर. वाय-फाय चालू ठेवलं की मशीन थोड्या थोड्या वेळानं राउटरला हाक मारत राहतं, आणि सिग्नल कमजोर असला तर जास्तच जोर लावतं. म्हणून पुस्तक उतरलं की एअरप्लेन मोड, आठवड्यातनं कधीतरी चार्जिंगला लावल्यावर वाय-फाय चालू करायचं, तेवढ्यात अपडेट पण येतो आणि वाचलेलं पान पण जुळतं. एअरप्लेन मोड करूनही बॅटरी उतरत असंल तर वाय-फायला दोष देऊ नका. एकदम शे-दोनशे पुस्तकं घातली की मशीन प्रत्येकातला शब्दन् शब्द शोधण्यासाठी नोंदवून ठेवत बसतं, त्यात दिवसभर जाऊ शकतो आणि बॅटरी पण. एखादी बिघडलेली फाइल असली तर तिथंच अडकून पडतं, ती शोधून काढून टाकायची.

आणि वायर. वायरलेसच्या लेखात वायरचं कशाला म्हणाल, पण कंपनीचा सर्व्हर, पासवर्ड, चॅनल, सगळ्याला बगल देऊन जाणारी वाट अजून तीच आहे. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉननं विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरनं घालायचा पर्याय काढून टाकला, त्यामुळं दुकानातलं पुस्तक आता वाय-फायनंच येणार, पण आपल्याकडच्या फाइल वायरनं घालायला कुणी अडवत नाही. त्यात एक मेख लक्षात ठेवा, ईपब मेलनं पाठवली तर किंडल घेतं, तीच वायरनं नुसती आत टाकली तर ते उघडत नाही, कारण बदलून देणारा सर्व्हर मधे आलाच नाही. कॅलिबरमधनं एझेडडब्ल्यू३ ह्या किंडलला कळणाऱ्या प्रकारात बदलून टाकायची. नवीन किंडल कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखं न दिसता मोबाइलसारखं दिसतं, त्यामुळं मॅकवाल्यांना मधे एखादं सॉफ्टवेअर लागतं, विंडोजला तसंच चालतं. आणि वायर लावून नुसती बॅटरी भरत असंल, कॉम्प्युटरवर काहीच येत नसंल, तर केबल बदलून बघा. रस्त्यावर पन्नास रुपयाला मिळतात त्यातल्या बऱ्याच केबलमधे डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात.